‘वेळेवर’, ‘वेळेत’ आणि ‘वेळीच’ : दोन इंग्रजी वाक्प्रयोगांच्या मराठी पर्यायांची चिकित्सा

इंग्रजीतील ‘ऑन टाइम’ व ‘इन टाइम’ या दोन वाक्प्रयोगांतील भेद मराठी विद्यार्थ्यास समजावून देताना एक सोयीचा नियम सांगण्याचा प्रघात आहे. पहिल्याचा अर्थ ‘वेळेवर’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘वेळेत’, असा तो नियम. ‘ऑन’ म्हणजे वर आणि ‘इन’ म्हणजे आत; मराठीतही एका शब्दाच्या शेवटी ‘वर’ आहे आणि दुसऱ्याच्या शेवटी सप्तमीचा ‘त’ आहे. शब्दास शब्द व प्रत्ययास प्रत्यय असा हा मेळ इतका चोख दिसतो, की विद्यार्थी तो एकदा ऐकून विसरत नाही आणि शिक्षकासही अधिक स्पष्टीकरणाची गरज भासत नाही. एकमेकींपासून दूरच्या दोन भाषा एखाद्या ठिकाणी इतक्या तंतोतंत जुळू लागल्या, म्हणजे अभ्यासकाने संतोष मानण्यापूर्वी क्षणभर थांबावयास हवे. प्रस्तुत नियमाच्या बाबतीत ही सावधगिरी विशेषच आवश्यक आहे. कारण त्यायोगे विद्यार्थ्याचे इंग्रजी जेवढे बिघडते त्याहून त्याचे मराठी अधिक बिघडते.

प्रथम इंग्रजीतील भेद पाहावा. ‘ऑन टाइम’ या प्रयोगाचा संबंध पूर्वी नेमलेल्या क्षणाशी असतो. वेळापत्रकात, करारात वा निमंत्रणात तो क्षण ठरलेला असतो, आणि घटना त्या क्षणी घडली की ती ‘ऑन टाइम’ झाली. ‘इन टाइम’ला असा नेमलेला क्षण लागत नाही. त्याला लागते ती पुढील बाजूची एक मर्यादा, जिच्या पलीकडे काहीतरी निसटते, बंद होते, नासते किंवा मरते. म्हणूनच इंग्रजीत ‘इन टाइम’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात ‘कशासाठी?’ हा प्रश्न उभा राहतो आणि बहुधा पुढच्याच शब्दांत त्याचे उत्तर द्यावे लागते: गाडी मिळण्यासाठी, भाषणाचा आरंभ ऐकण्यासाठी, प्राण वाचविण्यासाठी. ‘ऑन टाइम’ला अशा पुरवणीची अपेक्षा नसते. पहिल्यात चुकणाऱ्यास दोष लागतो, दुसऱ्यात चुकणाऱ्याचे नुकसान होते. दोष आणि नुकसान पुष्कळदा बरोबरच येतात, आणि त्यामुळे हा भेद झाकला जातो.

तो उघडा पडतो अशा ठिकाणी, जेथे दोहोंची फारकत होते. वसई गावातील होळी या बाजारपेठेच्या भागात राहणाऱ्या व मुंबईस नोकरीस जाणाऱ्या एखाद्या गृहस्थाचे उदाहरण घ्यावे. त्याला आधी काही किलोमीटर अंतर बसने किंवा रिक्षाने तोडून वसई रोड स्थानक गाठावे लागते, आणि तेथून चर्चगेटची गाडी धरावी लागते. उपनगरी प्रवाशांच्या बोलण्यात गाडीला नाव नसते, मिनिटे असतात. ‘सात-चाळीसची’, ‘आठ-दोनची’ अशीच ती ओळखली जाते. समजा, सात-चाळीसची धरावयाची आहे, आणि हा गृहस्थ फलाटावर पोहोचला सात वाजून शेहेचाळीस मिनिटांनी. त्या दिवशी गाडी आली सात-एकोणपन्नासला. गाडी ‘ऑन टाइम’ नव्हती, गृहस्थही ‘ऑन टाइम’ नव्हता. तरी तो ‘इन टाइम’ होता. किंबहुना गाडीने नेमलेला क्षण चुकविला म्हणूनच त्याची मर्यादा चुकली नाही. येथवर सोयीचा नियम चालतो. ‘गाडी वेळेवर आली नाही, म्हणून तो वेळेत पोहोचला’ हे वाक्य मराठी कानास खटकत नाही.

परंतु तोच गृहस्थ रात्री घरी परतल्यावर ‘मिळाली का सकाळी वेळेवर गाडी?’ असे त्याला विचारण्यात आले, तर तो ‘मिळाली’ असेच उत्तर देईल, आणि ते उत्तर खोटे ठरणार नाही. या प्रश्नातील ‘वेळेवर’ वेळापत्रकाची चौकशी करीत नाही. गाडी चुकून खोळंबा तर झाला नाही ना, एवढेच त्यात विचारलेले आहे; म्हणजे इंग्रजीच्या हिशेबाने हा ‘इन टाइम’ झाला. ‘डॉक्टर वेळेवर आले म्हणून मूल वाचले’, ‘भाऊ वेळेवर धावून आला’, ‘पेरणीला वेळेवर पैसा मिळाला नाही’ या सर्व वाक्यांत तीच स्थिती आहे. मूल आजारी पडावयाचा क्षण कोणी डॉक्टरांशी ठरविलेला नव्हता. तेव्हा मराठीतील ‘वेळेवर’ हा शब्द दोन्ही इंग्रजी अर्थ पोटात घेऊन वावरतो, आणि ‘ऑन टाइम म्हणजे वेळेवर’ हे समीकरण एका दिशेने खरे असले तरी उलट फिरविताच ढासळते. मराठीतून इंग्रजीत भाषांतर करणारा विद्यार्थी नेमका याच ठिकाणी फसतो. तो डॉक्टरांनाही ‘ऑन टाइम’ आणतो, आणि इंग्रजी वाचकास असे वाटते की भेटीची वेळ आधी घेतलेली होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने ज्या पद्धतीवर मराठी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविले, तिच्यात वाक्य दोन्ही दिशांनी फिरवून पाहण्याची सवय लागत असे. ती सवय सुटल्यावर शब्दांच्या जोड्या तेवढ्या शिल्लक राहिल्या.

मराठीने हा भेद मुळीच केलेला नाही, असे मात्र यावरून समजू नये. तिने तो अन्यत्र केला आहे, आणि तो शोधण्यासाठी प्रत्ययांच्या मूळ कामगिरीकडे वळावे लागते. काळ दाखविणारे बहुतेक मराठी प्रत्यय व शब्दयोगी अव्यये मूळची स्थळ दाखविणारी आहेत. माणूस ‘नाक्यावर’ उभा राहतो, ‘बाजारात’ शिरतो आणि ‘होळीला’ उतरतो. नाका हे एक ठिकाण, त्यावर उभे राहावयाचे. बाजार हा कडा असलेला प्रदेश, त्यात शिरावयाचे व तो उठण्यापूर्वी बाहेर पडावयाचे. आणि ‘ला’ हा प्रत्यय ठिकाणाच्या आकाराविषयी काहीच न बोलता केवळ त्याकडे बोट दाखवितो. वसईकराने ‘होळीला भेटू’ असे म्हटले, तर ते स्थळ की सण, हे महिना पाहून ठरवावे लागेल. ‘ला’ला त्या दोहोंत भेद करण्याचे कारणच पडलेले नाही. उलट ‘वर’ आणि ‘त’ यांनी स्थळाचा आकार काळातही आपल्याबरोबर आणला आहे. ‘वर’ने काळाचा बिंदू केला आणि ‘त’ने काळाचे आवार केले.

‘वर’चा हा बिंदू बहुधा बाहेरून कोणीतरी ठरवून दिलेला असतो. लग्न ‘मुहूर्तावर’ लागते, ‘मुहूर्तात’ लागत नाही. येथे एक गंमत आहे. शास्त्राप्रमाणे मुहूर्त हा बिंदू नसून दोन घटिकांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा कालखंड आहे. पण लग्नघरी त्याचा बिंदू झाला, आणि त्याला कारण झाले ते घटिकापात्र. बुडाशी बारीक छिद्र असलेले ते वाटीसारखे भांडे पाण्यात सोडीत. ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली. भरण्यास अवधी लागतो, बुडणे मात्र क्षणाचे असते. आणि अक्षता त्या क्षणावर पडावयाच्या. होळी पेटविण्याची रीत याच्या उलट आहे. फाल्गुनी पौर्णिमेस प्रदोषकाळात, भद्रा टाळून ती पेटवावी, एवढेच सांगितलेले असते. ते आवार आहे. त्यात गावाने आपल्या सोयीने कोठेही उभे राहावे. एकाच पंचांगात ‘वर’चा काळ आणि ‘त’चा काळ असे दोन्ही शेजारी शेजारी नांदत होते.

घंटेने बिंदूचे राज्य आणखी दृढ केले. इंग्रजीत जे काटेकोरपणे ठरल्या क्षणी घडते, त्यास मराठीत ‘सातच्या ठोक्याला’ असा प्रयोग आहे, आणि तो घड्याळाच्या टोल्यांवरून आला हे उघड आहे. वसईच्या माणसास ठोक्याची ओळख मुंबईकराच्या पुष्कळ आधीची असावी, असे मानण्यास जागा आहे; पोर्तुगीज अमलात या शहरात अनेक चर्चे होती, त्यांच्या घंटा होत्या, आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर त्यांतील काही घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा त्यांपैकीच म्हणून प्रसिद्ध आहे. प्रार्थनेच्या वेळा ठोक्यांनी मोजणाऱ्या घंटा देवळांत दर्शनार्थ्यांच्या हाती आल्या, आणि तेथे त्या जो येईल त्याच्या वेळी वाजू लागल्या.

यानंतर रेल्वे आली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. आरंभी दिवसातून एकच गाडी जाई व येई. वसई रोडला तेव्हा ‘बेसिन रोड’ म्हणत. गाडीबरोबर वेळापत्रक आले, आणि ‘वेळेवर’ या शब्दास पूर्वी कधी न पडलेला प्रश्न पडला: कोणाच्या वेळेवर? मुंबईचे स्थानिक घड्याळ ग्रिनिचपेक्षा चार तास एकावन्न मिनिटांनी पुढे होते, तर रेल्वे ज्या मद्रास वेळेनुसार चालविण्यात येऊ लागली, ती मुंबईच्याही पुढे तीस मिनिटे होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या घड्याळापेक्षा एकोणचाळीस मिनिटांनी पुढे होती. मुंबईकरांनी ती मनापासून स्वीकारली नाही, आणि ‘मुंबई वेळ’ शहरात पुढे कित्येक दशके टिकून राहिली. त्या काळी घरच्या घड्याळाप्रमाणे अगदी ठोक्याला निघालेला माणूस स्थानकावर अर्ध्या तासाहून अधिक उशिरा पोहोचू शके, आणि तरीही आपण वेळेवर होतो असे त्यास प्रामाणिकपणे म्हणता येत असे. ‘वेळेत’ला ही पळवाट नाही. गाडी निघून गेली की ती कोणत्याही घड्याळाप्रमाणे गेलेलीच असते.

आता मूळ नामाकडे वळावे. कारण या प्रश्नातील सर्वांत मोलाचा पुरावा तेथे आहे आणि सोयीच्या नियमाने त्याकडे सर्वस्वी दुर्लक्ष केले आहे. मराठीत ‘वेळ’ हे नाम दोन लिंगांत चालते. ‘बराच वेळ गेला’, ‘मला वेळ नाही’ यांतील वेळ पुल्लिंगी आहे. तो लांबी असलेला, खर्च होणारा अवधी होय. ‘जेवणाची वेळ झाली’, ‘वाईट वेळ आली’ यांतील वेळ स्त्रीलिंगी आहे. ती नेमका क्षण, प्रसंग, कधी कधी संकट दर्शविते. मोजता येते तीही हीच: एक वेळ, दोन वेळा, अनेक वेळा. विभक्तीतही दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. पुल्लिंगी वेळाचे ‘थोड्या वेळाने’, ‘तेवढ्या वेळात’ असे होते, तर स्त्रीलिंगी वेळेचे ‘ठरल्या वेळेस’, ‘वेळेवर’, ‘वेळेत’ असे. इंग्रजीला जो भेद दाखविण्यासाठी नामापूर्वीची अव्यये बदलावी लागतात, त्यातील बराचसा मराठी नामाच्या लिंगानेच दाखविते, आणि मराठी मूल हा भेद व्याकरण शिकण्यापूर्वीच अचूक पाळते. ‘जेवणाचा वेळ झाला’ असे कोणतेही मूल म्हणत नाही.

या प्रकाशात पाहता ‘वेळेवर’चा दुहेरीपणा अपघाताचा राहत नाही. स्त्रीलिंगी ‘वेळ’ म्हणजे नेमलेला क्षण, तसाच अडचणीचा प्रसंगही. ‘वेळेला केळं नि वनवासाला सीताफळ’ या म्हणीतील वेळ दुसऱ्या प्रकारची आहे. भुकेची नड उभी राहिली असता जे हाती येईल ते गोड मानावे, असा तिचा आशय. जेथे केळीच्या बागा आणि उन्हात वाळविलेली सुकेळी ही शतकानुशतके घरचीच वस्तू, त्या वसईत ही म्हण वेगळी समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. गाडी पहिल्या अर्थाने वेळेवर येते, भाऊ दुसऱ्या अर्थाने वेळेवर येतो. प्रत्यय तोच आहे; ज्या ‘वेळे’ला तो लागला ती दोहोंकडे निराळी आहे.

‘वेळेत’ची कथा याहून साधी आहे. त्याचा अगदी सहज, अडखळायला न लावणारा उपयोग आढळतो तो ‘कार्यालयीन वेळेत’, ‘कामकाजाच्या वेळेत’ अशा प्रयोगांत. येथे वेळेला दोन कडा आहेत, खिडकी उघडण्याची व मिटण्याची. आणि ‘त’ त्या दोन कडांच्या आत आहे. ‘अर्ज वेळेत आला’ या वाक्यात त्यांतील पुढची कडा तेवढी उरते. हा अर्थविकास कचेरी, शाळा आणि बँक यांच्या सहवासात झाला असावा, असे दिसते. त्यामुळेच ‘वेळेत’ला किंचित सरकारी वास येतो, आणि घरगुती बोलण्यात ‘वेळेत ये’ यापेक्षा ‘वेळेवारी ये’ हे अधिक मायेचे वाटते. परीक्षेच्या सूचनांत ‘दिलेल्या वेळेत’ असे छापण्यात येते, तेही वस्तुतः चिंत्य आहे. तीन तास हा अवधी असल्यामुळे तेथे ‘दिलेल्या वेळात’ हेच व्याकरणास धरून होईल. पण हा आग्रह आता चालण्यासारखा राहिलेला नाही.

‘वेळ’ शब्दाचे मूळ येथे काही साहाय्य करते. संस्कृत ‘वेला’ या शब्दाचे अर्थ मर्यादा, समुद्राचा काठ, भरती आणि काळ असे आहेत. गोव्याकडील कोंकणीत समुद्रकिनाऱ्यास आजही ‘दर्यावेळ’ म्हणतात. म्हणजे ज्या शब्दास ‘त’ लावून मराठी मर्यादेच्या आतील काळ दाखविते, तो शब्द मुळातच मर्यादेचा आहे. वसईच्या पाचूबंदर आणि किल्लाबंदर येथील मच्छीमारांच्या व्यवहारात हा मूळ अर्थ अद्याप जिवंत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. होडी पाण्यात लोटावयाची ती भरतीच्या वेळेत. भरती दिवसातून दोनदा येते आणि दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिला घड्याळाचा ठोका बांधता येत नाही. ‘भरतीवर’ निघता येईल, ‘भरतीत’ निघता येईल. पण भरतीला ‘तू वेळेवर आली नाहीस’ असा दोष कोणी देत नाही.

येथपर्यंतच्या विवेचनात ‘इन टाइम’चा मर्मभाग, म्हणजे ‘हानी होण्यापूर्वी’ हा अर्थ, पुरता हाती आलेला नाही. ‘वेळेत’ मुदत सांगते, हानी सांगत नाही. ती सांगणारा मराठी शब्द ‘वेळीच’ हा आहे, आणि सोयीच्या नियमात त्यास जागाच नाही. ‘वेळी’ हे सप्तमीच्या ‘ई’ प्रत्ययाचे रूप एकटे सहसा उभे राहत नाही. ‘जेवणाच्या वेळी’, ‘त्या वेळी’ असे त्यास पूर्वपद लागते, किंवा ‘वेळी-अवेळी’ अशी जोडी लागते. मात्र ‘च’ जोडला की ते स्वतंत्र होते आणि एक निराळाच अर्थ धारण करते: बिघडण्यापूर्वी, हाताबाहेर जाण्यापूर्वी. ‘तो वेळीच सावध झाला’, ‘गळती वेळीच लक्षात आली’. ‘गाडी वेळीच आली’ असे म्हटले, तर ऐकणारा दचकून काय झाले म्हणून विचारील; कारण गाडीने कोणाला तरी वाचविले असा त्यातून ध्वनी निघतो. अग्निशामक दल मात्र वेळीच पोहोचते. वर्तमानपत्रांत ते हल्ली ‘वेळेवर’ पोहोचते, आणि आगीचीही वेळ ठरलेली होती की काय अशी शंका मनात येते. ‘वेळीच’ न केलेल्या गोष्टीसाठी ‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण आहे; ‘वेळेवर’ न आलेल्यासाठी ‘वरातीमागून घोडे’. दोन म्हणींतील अंतर तेच आहे: पहिलीत बैल हातचा गेला, दुसरीत केवळ शोभा झाली.

हा भेद शब्दशौकिनांपुरता आहे असे ज्यास वाटत असेल, त्याने सार्वजनिक आरोग्याच्या मजकुराकडे पाहावे. ‘टाइमली’ या इंग्रजी विशेषणाच्या मागे ‘ऑन’ आणि ‘इन’ हे दोन्ही अर्थ दडलेले असतात, आणि त्याचे भाषांतर सरसकट ‘वेळेवर’ असे करण्याची रीत पडली आहे. कुत्रा चावल्यानंतरच्या लसीचे उदाहरण बोलके आहे. या उपचाराचे दोन भाग आहेत. चावा झाल्यावर जखम साबणाने व पाण्याने धुऊन लस विनाविलंब सुरू करावयाची, कारण रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि सुरू केल्यावर पुढील मात्रा शून्य, तीन, सात अशा नेमून दिलेल्या दिवशी न चुकता घ्यावयाच्या. पहिला भाग शुद्ध ‘इन टाइम’ आहे, दुसरा शुद्ध ‘ऑन टाइम’. ‘कुत्रा चावल्यास लस वेळेवर घ्यावी’ या वाक्याचा वाचक जर असे समजला की लसीला काही ठराविक वार वा तास आहे आणि त्या तासास गेले म्हणजे झाले, तर वाक्याने त्यास फसविले असे म्हणावे लागेल. ‘लस वेळीच सुरू करावी आणि पुढील मात्रा वेळेवर घ्याव्यात’ हे वाक्य चार शब्दांनी लांब असले, तरी त्यात संदिग्धतेस वाव नाही. पक्षाघातात मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे दिसल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेथे दोन कडांची खिडकी स्पष्ट असल्याने ‘वेळेत’ हाच शब्द योग्य. क्षयाच्या गोळ्या मात्र ‘वेळेवर’ घ्यावयाच्या असतात, महिनोन्महिने आणि न चुकता. अशा रीतीने वैद्यकाच्या एकाच क्षेत्रात तिन्ही शब्दांची तीन वेगळी कामे आहेत, आणि एकाने दुसऱ्याचे काम केल्यास त्याची किंमत रुग्ण मोजतो.

कायद्याची भाषा या बाबतीत अधिक सावध आहे. १८७२ च्या करार कायद्याचे पंचावन्नावे कलम ‘ठरलेल्या वेळी किंवा तत्पूर्वी’ करावयाच्या गोष्टींविषयी बोलते, आणि वेळ हे कराराचे सार होते की नाही यावर चुकीचा परिणाम ठरविते. १९६३ चा मुदतीचा कायदा तर ‘वेळ’ हा शब्द टाळून ‘मुदत’ घेऊनच मराठीत नांदतो. मुदतीत, मुदतबाह्य, मुदतवाढ ही सर्व शब्दकुळी आवाराची आहे. न्यायालय बंद असताना मुदत संपल्यास ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो, अशीही त्यात तरतूद आहे. म्हणजे आवाराची कडा गरजेनुसार थोडी सरकू शकते. बिंदू असा सरकत नाही.

उरलेल्या पर्यायांपैकी काहींची नोंद पुरेशी आहे. ‘वक्तशीर’ हे माणसाच्या स्वभावाचे विशेषण असून ‘पंक्चुअल’ या शब्दाशी ते चांगले जुळते. त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधील ‘बिंदू’ हाच अर्थ आहे. ज्यूल व्हर्नचा फिलिअस फॉग हा वक्तशीरपणाचा अर्क, पण ऐंशी दिवसांची पैज तो जिंकतो ती वेळेत पोहोचल्याने. आणि पूर्वेकडे प्रवास करीत गेल्याने वाचलेला दिवस त्याच्या हिशेबात नसतो, म्हणून आपण वेळेत आहोत हे त्यालाच ठाऊक नसते. ‘ऐन वेळी’ व ‘आयत्या वेळी’ हे प्रयोग मर्यादेला अगदी चिकटून घडणाऱ्या गोष्टींचे आहेत. मदत ऐन वेळी आली तर ती स्तुती, आणि वक्त्याने ऐन वेळी नकार दिला तर ती निंदा. इंग्रजीस त्यासाठी दोन निरनिराळे वाक्प्रयोग शोधावे लागतात. संस्थांच्या सभांत ‘आयत्या वेळचे विषय’ हा शेवटचा मुद्दा असतो, आणि पुष्कळदा सभा खरी तेथेच सुरू होते. ‘वेळच्या वेळी’ या द्विरुक्तीस इंग्रजीत नीट प्रतिशब्द नाही. प्रत्येक गोष्ट तिच्या तिच्या क्षणी, हा वितरणाचा अर्थ ‘ऑन टाइम’मध्ये बसत नाही. ‘गाडी उशिराने धावत आहे’ ही रेल्वेची घोषणा मात्र सरळ इंग्रजीचा साचा आहे. मराठीत गाडीला उशीर होतो. उशिराने धावण्याची कल्पना तिला परकी आहे. परंतु लक्षावधी प्रवासी ती रोज ऐकत असल्याने आणखी एका पिढीने ती अस्सल मराठी ठरली, तर त्यात नवल वाटावयास नको.

एक अर्थ अजून शिल्लक आहे. इंग्रजीत ‘इन टाइम’चा आणखी एक उपयोग ‘यथावकाश’, ‘हळूहळू पुढेमागे’ असा आहे: जखम ‘इन टाइम’ भरेल, मुलगा ‘इन टाइम’ शिकेल. सोयीचा नियम पाठ केलेला विद्यार्थी येथे ‘जखम वेळेत भरेल’ असे लिहितो, आणि जखमेस जणू शेवटची तारीख घालून देतो. या अर्थास ‘वेळ’ या शब्दाचे कोणतेच रूप चालत नाही. त्यास ‘काळ’ लागतो: कालांतराने, काळाच्या ओघात. ‘काळ’ आणि ‘वेळ’ यांत मराठीने केलेला भेद ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ या म्हणीत स्पष्ट दिसतो. तीत काळ पुल्लिंगी असून त्याचा अर्थ मृत्यूही होतो; वेळ स्त्रीलिंगी असून ती नेमलेल्या क्षणाची आहे. थोडक्यात बचावलेल्या माणसाविषयी ही म्हण वापरतात, म्हणजे प्रसंग ‘इन टाइम’चा आहे; तरी म्हणीची रचना ‘ऑन टाइम’च्या कल्पनेवर उभी आहे, आणि तिचे इंग्रजी भाषांतर करू पाहणाऱ्यास या दोन्ही वाक्प्रयोगांपैकी एकाचाही उपयोग होत नाही.